‘आमचं एबीडीएमशी जोडलेलं आहे’ म्हणजे नेमकं किती?

हडपसर_प्रशासन
५० खाटांच्या हॉस्पिटलसाठी नवीन सॉफ्टवेअर घ्यायचंय. प्रत्येक कंपनी ‘एबीडीएमशी जोडलेलं’ असं सांगते, म्हणजे आयुष्मान भारत डिजिटल मिशन या आरोग्य-नोंदींच्या सरकारी यंत्रणेशी. आमची डिस्चार्ज समरी आणि लॅब रिपोर्ट दुसऱ्या हॉस्पिटलला खरंच वापरता येतील का? डेमोत काय बघायचं?

दुवा_पुणे
आधी विचारा, जोडणीचा कुठला टप्पा झालाय: एम१, एम२ की एम३? एम१ म्हणजे फक्त पेशंटचा आभा क्रमांक (आरोग्य खात्याचा नंबर) काढणं आणि पडताळणं. नोंदी आभाशी जोडून पेशंटच्या संमतीने पाठवणं एम२मध्ये येतं, बाहेरच्या नोंदी मागवणं एम३मध्ये. काउंटरवर क्यूआर लागला की जोडलं म्हणायचं, हे चुकीचं आहे.

एम२ असलं तरी एफएचआयआर बंडलमध्ये (आरोग्य-नोंदी पाठवायच्या ठरलेल्या डिजिटल गठ्ठ्यात) स्कॅन केलेली पीडीएफ घालून पाठवता येते. ती डॉक्टर वाचतील, पण क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) कसं चढत गेलं याचा आलेख सॉफ्टवेअर त्यातून काढू शकत नाही. म्हणून किती हॉस्पिटलं जोडली, या आकड्याला मी फार महत्त्व देत नाही. डिस्चार्ज समरीचं जेसन, म्हणजे पाठवली जाणारी मूळ डेटा फाइल, उघडून दाखवायला सांगा. निदान आणि औषधं वेगवेगळी, स्नोमेड सीटी या वैद्यकीय संज्ञांच्या आंतरराष्ट्रीय यादीतल्या कोडसह दिसायला हवीत. भारत २०१४ पासून स्नोमेड चालवणाऱ्या संस्थेचा सदस्य असल्याने स्नोमेडचं लायसन्स इथे मोफत आहे, तेव्हा खर्चाची सबब ऐकू नका. आरोग्य-नोंदींच्या मानकांचं राष्ट्रीय केंद्र, एनआरसीईएस, आपल्या पुण्यातच, सी-डॅकमध्ये आहे. त्यांच्या प्रोफाइलप्रमाणे (ठरवून दिलेल्या साच्याप्रमाणे) बंडल आहे का, ते व्हॅलिडेटर या तपासणाऱ्या प्रोग्रॅममधून काढून बघा.

लॅब_इंटरफेस
लॅबकडे जास्त लक्ष द्या. प्लेटलेटचं उदाहरण घ्या. आपल्याकडे रिपोर्टवर ‘१.५ लाख’ छापतात, मशीन मात्र १५० देतं, एकक हजार प्रति मायक्रोलिटर. मॅपिंग करताना, म्हणजे आपल्या तपासण्या ठरलेल्या कोड-एककांशी जुळवताना, आकडा छापील रिपोर्टमधला आणि एकक मशीनचं घेतलं, तर समोरच्या हॉस्पिटलला प्लेटलेट दीड हजार दिसतात! ताप-डेंग्यूच्या दिवसांत हे जिवावर बेतेल. प्रत्येक तपासणीला लॉइंक या लॅब तपासण्यांच्या यादीतला कोड (हिमोग्लोबिन ७१८-७, प्लेटलेट ७७७-३) आणि यूकम या एककांच्या यादीतलं एकक लागतं. यूकममध्ये लाख नाही. शंभरेक नेहमीच्या तपासण्यांचा तक्ता पॅथॉलॉजिस्टने स्वतः बसून तपासावा, कंपनीवर सोडू नये.

नोंदणी_टेबल
नोंदणीत नुसतं वय घेऊ नका. पेशंट ॲपवरून जुन्या नोंदी शोधतो तेव्हा मोबाइल, नाव, लिंग आणि जन्मवर्ष जुळवलं जातं. वयावरून काढलेलं वर्ष चुकू शकतं आणि मग नोंद सापडणं अवघड होतं. शिवाय नोंदी तुमच्याकडेच राहतात, एबीडीएमचा गेटवे (मधला दुवा) त्या साठवत नाही. रात्री सर्व्हर बंद ठेवलात तर तेव्हा आलेली मागणी फसते. करारात सर्व्हर चोवीस तास चालू ठेवणं कोणाकडे, ते लिहून घ्या.