'मानवतेविरुद्ध' की 'मानवजातीविरुद्ध'?

विचारणा: विधी शाखेची विद्यार्थिनी, सोलापूर

आमच्या अभ्यासमंडळात 'न्यूरेंबर्ग ते हेग' (दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी नेत्यांवर चाललेल्या खटल्यापासून आजच्या हेगच्या न्यायालयापर्यंत) हा विषय मी मराठीतून मांडणार आहे. मंडळात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणाऱ्या घरांतली मुलं आहेत, आणि आम्हा सगळ्यांना जोडणारी भाषा मराठीच. 'क्राइम्स अगेन्स्ट ह्युमॅनिटी'ला कुणी 'मानवतेविरुद्धचे गुन्हे' लिहितं, कुणी 'मानवजातीविरुद्धचे'. एका टिपणात तर 'अमानुष गुन्हे' सापडलं. 'जेनोसाइड'साठीही नरसंहार, वंशसंहार, वंशविच्छेद, शिरकाण असे किती तरी शब्द. हे एकमेकांच्या जागी चालतात का?

उत्तर: निवृत्त फौजदारी वकील, सोलापूर

नाही चालत. 'अमानुष' आधी बाजूला ठेव, बाळ. तो शब्द क्रौर्य किती ते सांगतो. एखाद्याने शेजाऱ्याचा हालहाल करून जीव घेतला तर कृत्य अमानुषच, पण खटला आपल्या सत्र न्यायालयात साध्या खुनाचाच चालेल. रोम संविधी म्हणजे हे हेगचं न्यायालय ज्या कराराने उभं राहिलं तो; त्याच्या सातव्या कलमाची कसोटी वेगळी आहे. नागरी लोकसंख्येवर व्यापक किंवा पद्धतशीर हल्ला हवा, त्यामागे राज्याचं किंवा संघटनेचं धोरण हवं, आणि आपलं कृत्य त्या हल्ल्याचा भाग आहे हे आरोपीला ठाऊक हवं. 'व्यापक किंवा पद्धतशीर' यातल्या 'किंवा'च्या जागी 'आणि' लिहू नकोस. तसं झालं तर सरकारी पक्षाला दोन्ही सिद्ध करावं लागेल.

आणखी एक. 'नागरी लोकसंख्या' याचं 'नागरिक' करू नकोस. मराठीत नागरिक म्हणजे सैनिक नसलेला माणूस, आणि देशाचं नागरिकत्व असलेलाही. म्यानमारने १९८२च्या कायद्याने बहुतेक रोहिंग्यांना नागरिकत्वाबाहेर ठेवलं. 'नागरिकांवरील हल्ला' असं लिहिलं तर वाचणाऱ्याच्या मनात तेच लोक बाहेर राहतील, आणि नेमक्या त्यांच्याच हद्दपारीचा तपास २०१९पासून हेगच्या न्यायालयाकडे आहे.

उत्तर: अनुवादक, पुणे

'अमानुष'बद्दल काकांशी सहमत. पण 'मानवते'चीही अडचण आहे. 'मानवतेच्या भावनेतून मदत करा' असं आपण म्हणतो तेव्हा मानवता म्हणजे माणुसकी, दया. छळछावण्या उभारणाऱ्यांकडे दया कमी होती, एवढाच का त्यांचा गुन्हा? जर्मनमध्येही हाच पेच आहे. 'मेन्शलिशकाइट' म्हणजे माणुसकी, 'मेन्शहाइट' म्हणजे मानवजात. कायद्यात पहिला रुळला आणि त्यावर आक्षेपही आले.

शब्दाचा इतिहासही माझ्या बाजूने बोलतो. २४ मे १९१५ रोजी फ्रान्स, ब्रिटन आणि रशियाने आर्मेनियनांच्या कत्तलीबद्दल ऑटोमन सरकारला जाहीर इशारा दिला. रशियाच्या मसुद्यात 'ख्रिस्ती धर्म आणि संस्कृतीविरुद्धचे गुन्हे' असं होतं. वसाहतींतल्या मुसलमान प्रजेला काय वाटेल या विचाराने ख्रिस्ती धर्म वगळून तिथे 'ह्युमॅनिटी' हा शब्द घातला गेला. एका धर्माच्या जागी सगळी माणसं आली. म्हणून मी 'मानवजातीविरुद्धचे' लिहिते.

उत्तर: निवृत्त फौजदारी वकील, सोलापूर

ताई, मुद्दा तोलामोलाचा आहे. तरी मला 'मानवतेविरुद्धचे'च बरं वाटतं. न्यूरेंबर्गच्या वेळी या कल्पनेला आकार देणाऱ्या हर्श लॉटरपाख्ट या कायदेपंडिताचा सगळा भर एकेका माणसाच्या रक्षणावर होता. 'जेनोसाइड' शब्द १९४४मध्ये घडवणाऱ्या राफाएल लेम्किनचा भर समूहावर. दोघेही ल्विव्हच्या एकाच विद्यापीठात शिकले. 'मानवजात' म्हटलं की नजर पुन्हा समूहाकडे वळते आणि मारला गेलेला एकटा माणूस मागे पडतो, अशी मला भीती आहे.

शब्दच काय, विरामचिन्हानेही इथे माणसं वगळली आहेत. ८ ऑगस्ट १९४५च्या न्यूरेंबर्ग सनदेत या गुन्ह्याच्या व्याख्येत मध्यभागी एक अर्धविराम होता. ६ ऑक्टोबरला रशियन प्रतीशी मेळ घालण्यासाठी तिथे स्वल्पविराम केला गेला. त्यामुळे 'युद्धाशी संबंधित' ही अट साऱ्या व्याख्येला लागू झाली, आणि १९३९पूर्वी जर्मनीतल्या ज्यूंवर जे गुदरलं ते जवळपास सगळं निकालाबाहेर राहिलं. मुली, मांडणीत बाकी काही गाळलंस तरी हे गाळू नकोस.

उत्तर: शिक्षक, पूर्व भाग, सोलापूर

'जेनोसाइड'बद्दल. आमच्या घरी तेलुगू. तेलुगू वर्तमानपत्रं याला 'मारणहोमम्' म्हणतात, कन्नडमध्ये 'नरमेध' दिसतो. होम काय, मेध काय, दोन्ही यज्ञाचे शब्द. मारल्या गेलेल्यांची कुणी आहुती दिली नव्हती. 'होलोकॉस्ट'चा मूळ ग्रीक अर्थही होमबळीच, म्हणून अनेक ज्यू 'शोआ' हा हिब्रू शब्द पसंत करतात. 'शिरकाणा'चा संबंध शिर्के घराण्याच्या कत्तलीशी जोडला जातो. शब्द जोरकस आहे, पण त्यात फक्त मारणं येतं. 'नरसंहारा'तही तेच.

१९४८च्या जेनोसाइडविरोधी करारात मात्र समूहाचे जन्म रोखणं आणि त्याची मुलं बळजबरीने दुसऱ्या समूहाकडे देणं हेही येतं. एकही माणूस न मारता हा गुन्हा होऊ शकतो. हेतू हवा, समूह त्याच्या त्या ओळखीसह नष्ट करण्याचा. म्हणून 'वंशसंहार' किंवा 'वंशविच्छेद'. मला दुसरा अधिक नेमका वाटतो. धार्मिक आणि राष्ट्रीय समूह 'वंशा'त नीट बसत नाहीत, तेवढं तोंडी सांगावं लागेल.

महायुद्धानंतर जपानी नेत्यांवर चाललेल्या टोकियोच्या खटल्यावर बोलणार असशील तर 'अ वर्ग युद्धगुन्हेगार' म्हणजे सर्वांत क्रूर असं समजू नकोस. अ म्हणजे शांततेविरुद्धचे गुन्हे, ब रूढ युद्धगुन्हे, क मानवतेविरुद्धचे. ती वर्गवारी आहे, प्रतवारी नव्हे. तिथले भारतीय न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांनी आपल्या वेगळ्या, असहमतीच्या निकालपत्रात सर्व आरोपींना निर्दोष ठरवलं, पण चीनच्या नानजिंगमधले जपानी सैन्याचे अत्याचार नाकारले नाहीत. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस जपानी आक्रमणाच्या त्याच काळात चीनमध्ये जखमींवर उपचार करताना १९४२मध्ये गेले. आपल्या मुलांना हा विषय दूरचा वाटू नये.

विद्यार्थिनी

काका, ताई, सर, मनापासून आभार. 'मानवतेविरुद्धचे गुन्हे' ठेवते, आणि ताईंचा आक्षेप पहिल्याच पानावर मांडते. 'आंतरराष्ट्रीय गुन्हेगारी न्यायालय' बरोबर आहे का? आणि 'एन्फोर्स्ड डिसअपिअरन्स'ला 'बेपत्ता होणे' चालेल?

उत्तर: निवृत्त फौजदारी वकील, सोलापूर

'गुन्हेगारी न्यायालय' म्हणजे न्यायालयच गुन्हेगार झालं. 'आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय' लिही. ते व्यक्तींवर खटले चालवतं. कुलभूषण जाधव यांचं प्रकरण गेलं ते 'आंतरराष्ट्रीय न्यायालय', तिथे राज्यं समोरासमोर येतात. दोन्ही हेगलाच, म्हणून बातम्यांत गल्लत होते. भारत रोम संविधीत सामील नाही, आणि वंशविच्छेदाचा करार १९५९मध्ये मान्य करूनही आपल्या दंडविधानात वंशविच्छेद आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे, या दोन्हींचं कलम नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८मध्ये ही उणीव तातडीने भरून काढायला सांगितलं होतं.

'बेपत्ता होणे' मुळीच नको. 'होणे'मध्ये करणारा दिसत नाही. राज्याच्या माणसांनी किंवा त्यांच्या संमतीने कुणाला उचलून न्यायचं आणि मग तो कुठे आहे हे सांगायचंच नाही, असा हा गुन्हा आहे. 'सक्तीने बेपत्ता करणे' असं लिही.