मदत हवी आहे: पेट-सीटीआधी एमआरआय करावे का?

वडिलांना स्वरयंत्राचा कर्करोग असल्याचे बायोप्सीत निश्चित झाले असून, सीटी स्कॅनच्या अहवालात मानेत १४ मिमीची लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) आणि थायरॉइड कूर्चेत (स्वरयंत्राला समोरून झाकणाऱ्या कुर्चेत; थायरॉइड ग्रंथी नव्हे) गाठीचा शिरकाव झाल्याची शंका नोंदवली आहे. गाठ कूर्चेच्या आतल्या थरापुरतीच आहे की आरपार गेली आहे, यावर स्वरयंत्र राखता येईल की काढावे लागेल हे बरेचसे ठरत असल्याने, नुसत्या शंकेवर पुढे जाणे आम्हाला जड जाते आहे. डॉक्टरांनी पेट-सीटी (किरणोत्सारी साखर टोचून शरीरातील कर्करोगाच्या जागा उजळ दाखवणारा स्कॅन) सुचवले आहे. परंतु बायोप्सीनंतरची सूजही त्यात कर्करोगासारखी उजळ दिसू शकते, आणि कूर्चेतील बदल एमआरआय अधिक बारकाईने टिपते. (आडवे होताच वडिलांना खोकला येतो, तेव्हा एमआरआयला लागतो इतका वेळ ते स्थिर राहतील का, हा प्रश्न वेगळाच.) दोन्ही तपासण्या केलेल्या कुणी, बायोप्सीनंतर किती दिवस थांबलात आणि एमआरआयमुळे उपचारांची दिशा बदलली का, हे कृपया कळवाल का?