मदत हवी आहे: सहा ते आठ वर्षांच्या मुलांना फुटबॉल शिकवताना काय खेळवावं? (खारघर)

नमस्कार मंडळी,

आमच्या खारघरच्या सोसायटीतल्या लहान मुलांना मी मार्चपासून दर शनिवार-रविवारी सकाळी साडेसहाला फुटबॉल खेळवते आहे. चौदा मुलं आहेत, त्यात पाच मुली. मी शाळेत खो-खो खेळले, फुटबॉल फक्त पाहिलाय. ऑक्टोबर २०२२ मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर मुलींच्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाची फायनल झाली, स्पेनने कोलंबियाला १-० हरवलं. तेव्हा लेकीला घेऊन गेले होते. घरी आल्यावर ती मोज्यांचा बोळा करून पॅसेजमध्ये लाथाडत बसली. तिथून हे सगळं सुरू झालं.

सुरुवातीला मी व्हिडिओत पाहिलं तसंच केलं. मुलांची रांग, समोर पाण्याच्या बाटल्या, एकेकाने बाटल्यांमधून चेंडू काढत न्यायचा आणि शेवटी गोल मारायचा. दिसायला शिस्तीचं दिसतं, पालकही खूश. एका रविवारी मात्र मी एका मुलीवर नजर ठेवून मोजलं. चाळीस मिनिटांत तिचा पाय चेंडूला फक्त नऊ वेळा लागला. बाकी वेळ ती रांगेत, पुढच्याच्या टी-शर्टला धरून उभी. मला फार वाईट वाटलं. खो-खोत बसलेला खेळाडूसुद्धा खेळात असतो, कारण खो कधी मिळेल सांगता येत नाही. रांगेतलं मूल खेळाबाहेरच असतं.

तेव्हापासून रांग बंद. प्रत्येकाने स्वतःचा चेंडू आणायचा आणि आपलेच खेळ चेंडूसकट खेळायचे. विष-अमृत सगळ्यात जास्त चालतं. दोघांवर राज्य. त्यांनी शिवलं की 'विष', मग चेंडू डोक्यावर धरून पाय फाकवून उभं राहायचं. दुसऱ्या कुणी आपला चेंडू त्या पायांमधून काढला की 'अमृत'. राज्य असलेले सोडून सगळ्यांनी चेंडू पायाशी ठेवूनच पळायचं. यात मुलं आपोआप मान वर करून बघायला लागतात, कारण नाहीतर शिवलं जातं. 'डोंगराला आग लागली, पळा पळा'मध्ये स्टॅच्यू म्हटल्यावर तळपायाखाली चेंडू थांबवायचा. 'शिवाजी म्हणतो, डावा पाय' केल्यावर डावा पायही वापरला जातोय. नुसतं सांगून ते कधीच झालं नसतं.

अडलंय ते पुढे. शेवटची पंधरा मिनिटं मॅच हवीच असते. सात-सातची टीम केली की गुळाला मुंगळे लागावेत तशी सगळी चेंडूला चिकटतात. दोन-तीन दांडगी मुलं खेळतात, बाकीची मागे धावतात. वर नऊ चेंडूस्पर्श लिहिलेली मुलगी तर मॅच सुरू झाली की कडेला जाऊन उभी राहते. विष-अमृतमध्ये हीच मुलगी सर्वात चपळ असते! बाहेरून बाबा लोक 'पास दे', 'मार', 'मागे ये' असं एकाच वेळी ओरडतात. मूल बिचारं चेंडूकडे बघायचं सोडून बाबांकडे बघतं. शिवाय एका अॅकॅडमीतल्या सरांनी आमच्या एका पालकांना सांगितलं की हेडिंग (चेंडू डोक्याने मारणं) आत्तापासूनच शिकवा, नाहीतर भीती बसते. माझं मन घेत नाही.

मॅच कशी खेळवू? या मुलीला कसं आत आणू? आणि पालकांना न दुखावता काय सांगू? अनुभवी मंडळींनी कृपया लिहा.

---

प्रतिसाद (ऐरोली)

ताई, मी शाळेतल्या मुलांना बरीच वर्षं फुटबॉल शिकवतोय. रांग बंद केलीत ते उत्तम केलंत.

सात-सात करूच नका. अमेरिकेत २०१७ पासून आठ वर्षांखालच्या मुलांना चार-चारच खेळवतात, गोलकीपरशिवाय. मी तर तीन-तीन करतो आणि मैदानाला दोनऐवजी चार गोल ठेवतो, दोन्ही टोकांना कोपऱ्यांजवळ दोन-दोन. चपला ठेवल्या तरी गोल होतो. ही पद्धत होर्स्ट वाइन या जर्मन प्रशिक्षकाची. तो मूळचा हॉकीचा माणूस. आता जर्मनीत लहानांचं फुटबॉल याच धर्तीवर चालतं. फायदा असा की एका गोलपुढे घोळका झाला की दुसरा गोल मोकळा दिसतो, आणि मूल स्वतःच वळतं. 'पसरा' असं ओरडावं लागत नाही. गोल जवळून मारला तरच धरायचा, नाहीतर दांडगी मुलं लांबूनच हाणतात. तुमची चौदा मुलं म्हणजे दोन मैदानं होतील, उरलेली दोघं दर तीन मिनिटांनी आत. तिघांत कुणाला लपायला जागाच नसते, त्यामुळे ती मुलगीही येईल. मात्र तिला पहिल्या दिवशी दांडग्यांच्या मैदानात टाकू नका.

हेडिंग अजिबात नको. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने २०१५ मध्येच दहा वर्षांपर्यंतच्या मुलांचं हेडिंग बंद केलं. इंग्लंडनेही २०२० मध्ये प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांना सरावात हेडिंग शिकवू नका असं सांगितलं. हेच त्या पालकांना दाखवा.

एक विचारायचं राहिलं, चेंडू कुठल्या साइजचा आहे?

---

प्रतिसाद (ठाणे, वर्तकनगर)

मी प्रशिक्षक नाही, ओरडणाऱ्या बापांपैकीच एक होतो. आमच्या ग्रुपच्या मॅडमनी प्रत्येक पालकाला एक मूल वाटून दिलं, स्वतःचं सोडून दुसऱ्याचं. त्याचा पाय चेंडूला किती वेळा लागला ते मोजून शेवटी त्या मुलाला सांगायचं. मोजताना ओरडता येत नाही. आणि शेजारच्याचं पोर किती धडपडतंय तेही पहिल्यांदा दिसलं.

---

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. काल दोन्ही करून पाहिलं.

चेंडूचं खरंच लक्षात आलं नव्हतं. अर्ध्या मुलांकडे पाच नंबरचा मोठ्यांचा चेंडू होता, घेर ६८ ते ७० सेंटिमीटरचा. मुलं किक मारायला घाबरायची ती त्यामुळेच असणार. तीन नंबरचे सहा आणले, घेर साठच्या आत. लगेच फरक दिसला.

तीन-तीनमध्ये पहिली पाच मिनिटं गोंधळ झाला, उलट्याच बाजूला गोल झाले. मग एका मुलाने घोळक्यातून चेंडू मागे ओढला आणि दुसऱ्या गोलकडे वळवला. मी काहीही सांगितलं नव्हतं. आणि आमची ती मुलगी! शेजारच्या काकांनी मोजून तिला सांगितलं, 'एकतीस.' ती धावत आईकडे गेली आणि तोच आकडा चार वेळा सांगितला.

आता पाऊस तोंडावर आलाय. आम्ही खेळतो तो सोसायटीचा पोडियम (पार्किंगच्या छतावरचं अंगण) ओला झाला की टाइल्सवर पाय घसरतात, आणि जवळच्या मोकळ्या प्लॉटवर जूनपासून गुडघाभर गवत वाढतं. खारघर-बेलापूर भागात पावसात सकाळी तासभर लहान मुलांना खेळवता येईल अशी शेड किंवा टर्फ कुणाला ठाऊक आहे का? भाडं सगळे मिळून वाटून घेऊ.