कॅम्पसाठी मोठा सुरा घ्यावा की कोयता? सल्ला हवा

पायवाट: आजवर चार इंची चाकूवर भागवलं. मागच्या कॅम्पला सगळं सरपण भिजलेलं, आतलं कोरडं लाकूड काढायला ओंडके फोडावे लागणार होते आणि तिथे चाकूने हात टेकले. मनगटाएवढ्या वाळक्या फांद्या तोडायच्या, चिरफाळ्या काढायच्या, कधी तंबूपुरतं झुडूप साफ करायचं. दोन-तीन दिवस पाठीवर वागवायचंय. काय घेऊ?

कानस: झुडपं, वेली, उंच गवत असेल तर मॅशेटी, म्हणजे लांब, पातळ पात्याचा कोयता. पातं २ ते ३ मिमी जाड, ४०-४५ सेंमी लांब. वेगाने फिरते, हात दमत नाही. पण वाळक्या लाकडावर तेच पातळ पातं थरथरतं आणि रुतून बसतं. तुमचं काम लाकडाचं जास्त दिसतंय, तेव्हा कुकरी (वाकड्या पात्याचा नेपाळी सुरा) किंवा पारांग (जड मलय कोयता) बघा. कुकरीचं पातं साधारण २५-३० सेंमीच, पण पाठ जाड आणि वजन टोकाकडे, म्हणून घाव खोल जातो.

पोलाद कार्बनचंच घ्या. १०७५ नंबरचं चांगलं, ५१६० नंबरचं तर ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांचं पोलाद, धक्के सोसणारं. गंजतं, पण पुसून तेलाचा हात फिरवला की झालं. फार कडक पाणी दिलेल्या लांब पात्याला गाठीवर घाव बसला की खांडे पडतात. कानशीने घासलं जाईल इतपत मऊ पातं बरं, कॅम्पवरच धार लावता येते.

ओलं_सरपण: पोलादाइतकीच मूठही बघा, कळकळीने सांगतोय. माझ्या पहिल्या कोयत्याची मूठ गुळगुळीत होती. पावसात तिसऱ्या-चौथ्या घावाला ती हातातून निसटली आणि पातं माझ्या बुटापासून वीतभर अंतरावर चिखलात उभं राहिलं. तेव्हापासून मुठीचं टोक फुगीर किंवा वळलेलं नसेल तर मी हत्यार घेत नाही. पातं मुठीच्या शेवटापर्यंत आत गेलेलं हवं. दुकानात ओल्या हाताने धरून बघा.

आणि म्यानातून उपसताना बोटं धारेच्या बाजूला कधीच नकोत. शिवण उसवलेली असली तर पातं म्यान चिरून थेट बोटांवर येतं.

सुकी_फांदी: मनगटाएवढ्या फांदीला घडीची करवत न्या. वजन जेमतेम पावशेर, शिवाय घाव चुकायची भीती नाही. कुकरी मग फक्त फोडायला. आणि जिथे जाताय तिथे कायद्याने किती लांब पातं चालतं, हे निघण्याआधी विचारून घ्या.

पायवाट: कुकरी आणि करवत, ठरलं. धार किती कोनात ठेवू?

कानस: दोन्ही बाजूंनी २० ते २५ अंश. चाकूसारखी बारीक केलीत तर लाकडावर मुडपेल. आधी कानस, मग दगड. अंगठ्याचं नख अलगद टेकवून बघा, घसरलं तर अजून बोथट आहे.