मदत हवी आहे: १९१९ चा रुपया दर्जाच्या मोजपट्टीवर ५८ धरावा की ६१, आणि वाटणीत भाव कोणता लावावा?

सर्वांस नमस्कार.

आम्ही मूळचे विट्याचे (जि. सांगली). त्या भागातील अनेक घरांप्रमाणे आमच्याकडेही दोन पिढ्या गलाईचा, म्हणजे सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याचा, व्यवसाय होता. आजोबांनी मोडीत आलेल्या चांदीच्या रुपयांतून डोळ्यांना चांगले दिसणारे रुपये वेळोवेळी बाजूला काढून ठेवले होते आणि ते आता आम्हा तीन भावंडांत वाटून घ्यायचे आहेत. बहुतेक नाणी पंचम जॉर्ज यांची, १९१८ ते १९२० या सालांची आणि मुंबई टांकसाळीची आहेत.

आमच्या काकांचे म्हणणे असे की वजन सारखे असेल तर वाटणीही सारखीच झाली. गलाईवाल्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. रुपया जुन्या एका तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, चांदी ९१.७ टंच (टक्के शुद्ध); त्यातून सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी निघते, आणि एकदा मुशीत गेल्यावर राजाची मिशी शाबूत होती की झिजलेली, हे कोणी विचारत नाही. अडचण अशी की नाणी विकत घेणारे नेमके तेच विचारतात. एकच रुपया एका व्यापाऱ्याने ‘यूएनसी’ (न वापरलेला) म्हणून पाहिला आणि दुसऱ्याने ‘एयू’ (जवळजवळ न वापरलेला) म्हणून, आणि दोघांनी सांगितलेल्या भावांत बराच फरक पडला.

ही साले दुर्मीळ नाहीत, हे मला ठाऊक आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात भारतात रुपयांची मागणी इतकी वाढली की १९१८ च्या पिटमन कायद्यान्वये अमेरिकेने स्वतःचे चांदीचे डॉलर वितळवून ती चांदी ब्रिटिश सरकारला हिंदुस्थानासाठी विकली. त्यामुळे या सालांचे झिजलेले रुपये आजही मुबलक मिळतात आणि त्यांचा भाव चांदीच्या भावाच्या आसपासच राहतो. मात्र वापरात न आलेले, मूळ झळाळी टिकून असलेले नाणे त्यांत कमी सापडते. साल सामान्य असल्यामुळे चांदीच्या वरची जी काही किंमत आहे ती सगळी ग्रेडवरच, म्हणजे नाण्याच्या स्थितीला दिलेल्या दर्जावरच, उभी आहे, आणि म्हणूनच एखाद्या अंकाचा फरक आम्हाला इतका जड जातो आहे.

ग्रेडच्या अंकांविषयी वाचल्यावर माझा गोंधळ वाढला. १ ते ७० ही मोजपट्टी विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी मांडली. ७० च्या नाण्याची किंमत १ च्या नाण्याच्या सत्तरपट असावी, असा तेव्हा सरळ हिशेब होता. पुढे तो हिशेब मोडला, अंक मात्र राहिले आणि जगभरच्या नाण्यांना लागू झाले. आज ५८ पर्यंतचे नाणे थोडेतरी हाताळलेले मानतात आणि ६० पासून पुढचे न वापरलेले. मधला ५९ कोणी देत नाही. म्हणजे व्यवहारातील सर्वांत महत्त्वाची सीमा ५८ आणि ६० यांच्यामध्ये आहे, आणि आमची निम्मी नाणी नेमकी तिथेच अडली आहेत.

त्यात भर म्हणजे काही रुपये वर्षानुवर्षे लक्ष्मीपूजनात ठेवले जात. पूजेनंतर हळदकुंकू पुसून ते पुन्हा डबीत जात. बाजारात ते बहुधा कधी फिरलेच नाहीत. राजाच्या गालावर आणि मुकुटाच्या उंच भागावर किंचित मंदपणा आहे, पण अक्षरे आणि कडा धारदार आहेत. उलट, कधीही पूजेत न गेलेल्या काही रुपयांवर एकमेकांवर आपटल्याच्या खुणा भरपूर आहेत आणि तरीही त्यांना ‘न वापरलेले’ म्हणतात. माझ्या डोळ्यांना पूजेचा रुपया अधिक देखणा वाटतो.

जाणकारांना माझे प्रश्न असे आहेत. पूजेत पुसले गेल्याने आलेला मंदपणा ही झीज मानावी का, आणि तो ठशाच्या कमी दाबामुळे आलेल्या फिकेपणापासून घरी कसा ओळखावा? नाणी अमेरिकेतील ग्रेडिंग संस्थेकडे पाठवणे परवडेल का? आणि तोपर्यंत वाटणीसाठी कोणता भाव धरणे न्याय्य ठरेल?

प्रतिसाद (सातारा)

अमेरिकेचा प्रश्न आधी निकालात काढतो, कारण तो पैशांचा नसून कायद्याचा आहे. १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायद्यानुसार शंभर वर्षे किंवा त्याहून जुने नाणे पुरावशेष ठरते आणि ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. आपले १९१८ ते १९२० चे सर्व रुपये त्यात येतात. तेव्हा ग्रेडिंग करायचेच असेल तर ते भारतातच करावे, आणि तेही शुल्क व टपालविमा धरूनही फायदा उरत असेल अशाच नाण्यांचे.

झीज ओळखण्यासाठी खोलीत अंधार करून एकच दिवा बाजूला ठेवावा आणि नाणे कडेने धरून सावकाश तिरपे फिरवावे. न वापरलेल्या चांदीच्या नाण्यावर प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात. गालावरून जाताना तो पट्टा तुटत असेल आणि तिथे राखाडी, निर्जीव डाग दिसत असेल तर ती झीज आहे. ती बाजारात झाली की देवघरात, याच्याशी ग्रेड देणाऱ्याला कर्तव्य नसते. पट्टा अखंड जातो पण मिशीचे बारीक केस उमटलेलेच नाहीत, असे असेल तर ठसा कमी दाबाने बसला आहे आणि ते नाणे ६० च्या वर जाऊ शकते.

मला खरी काळजी वाटते ती पुसण्याची. पाचपट किंवा सातपट भिंगातून मोकळ्या पृष्ठावर एकाच दिशेने गेलेल्या बारीक रेघा दिसल्या तर बहुतेक ग्रेडिंग संस्था अंक न देता ‘साफ केलेले’ असा शेरा मारतात, आणि तो शेरा ५८ पेक्षाही महागात पडतो. तेव्हा नाणी आता कशानेही पुसू नयेत, काळसर छटा असेल तर ती तशीच राहू द्यावी. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांतही ठेवू नयेत, कारण त्यांतून पुढे हिरवट चिकट थर धरतो.

आपल्या डोळ्यांना पूजेचा रुपया अधिक देखणा वाटतो, यात नवल काही नाही. खुणांनी भरलेल्या ६१ पेक्षा स्वच्छ ५८ अनेक मुरलेले संग्राहक आनंदाने घेतात. अंक पाहून खरेदी करणारा ६१ ला जास्त पैसे देतो, नाणे पाहून खरेदी करणारा कधी कधी ५८ ला. आपल्याला कोणता गिऱ्हाईक भेटेल, हे आधी सांगता येत नाही, आणि त्या अर्थाने दोन्ही व्यापारी खोटे बोलले असे म्हणता येणार नाही. तज्ज्ञही तेच नाणे दुसऱ्यांदा पाहताना एखाद्या अंकाने इकडेतिकडे होतात.

धागालेखकाचे उत्तर

सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. कायद्याचा मुद्दा आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आला नव्हता. दिव्याची चाचणी काल रात्री करून पाहिली: पूजेच्या रुपयांपैकी काहींच्या गालावर पट्टा स्पष्ट तुटतो, काहींवर तो अखंड जातो. रेघा मात्र दोन्ही प्रकारांत थोड्याफार आहेत. वाटणीचा प्रश्न तेवढा राहिला आहे.

प्रतिसाद (सातारा)

वाटणीसाठी अंक धरूच नयेत. तीन ढीग करावेत: झळाळी अखंड असून रेघा नसलेली नाणी, झळाळी तुटलेली पण स्वच्छ नाणी, आणि रेघा असलेली किंवा उघड झिजलेली नाणी. शेवटचा ढीग काका म्हणतात तसा वजनावर वाटावा. पहिल्या दोन ढिगांत प्रत्येकाने आळीपाळीने एकेक नाणे निवडावे आणि पहिली निवड चिठ्ठी टाकून ठरवावी. भाव धरायचाच झाला तर व्यापारी विकताना सांगतो तो धरू नये. तेच नाणे आपल्याकडून घेताना तो रोख किती मोजेल, हे विचारून तो धरावा.