इलियड, पण देव वगळून: काय वाचू?

रानजाई:
इरावती कर्वेंचं 'युगांत' वाचल्यापासून महाभारतातली माणसं माणसांसारखी दिसायला लागली. तसंच ट्रॉयचं युद्ध वाचायचंय. त्या युद्धावरचं होमरचं प्राचीन ग्रीक महाकाव्य म्हणजे इलियड, त्याचा इंग्रजी अनुवाद आणला होता, पण दुसऱ्या सर्गातल्या जहाजांच्या यादीत अडकले ती अडकलेच. कोण कुठून किती जहाजं घेऊन आला, पानंच्या पानं! शिवाय ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस मार खायला लागला की प्रेमदेवता ॲफ्रोडाइटी त्याला धुक्यात गुंडाळून थेट शयनगृहात नेऊन ठेवते. मग लढाईला अर्थ काय? देव वजा केलेलं काही सुचवा. इंग्रजी चालेल, जाडजूड नको.

खडीसाखर:
मॅडलिन मिलर, 'द साँग ऑफ अकिलीस' (२०११). निवेदक पॅट्रोक्लस, म्हणजे ग्रीकांचा सर्वांत मोठा योद्धा अकिलीस याचा जिवलग मित्र. मी दोन रात्रींत संपवलं. देव मात्र आहेत हां. अकिलीसची आई, समुद्रदेवी थेटिस, तर खाष्ट सासूच.

उत्तररात्र:
वजाच करायचे असतील तर आलेस्सांद्रो बारिक्को. या इटालियन लेखकाने जाहीर वाचनासाठी इलियडची काटछाट केली, पुस्तक २००४ मध्ये आलं. देवांचे प्रसंग काढले आणि एकेका पात्राला स्वतःच्या तोंडून बोलायला लावलं. इंग्रजीत 'ॲन इलियड', बारीकसं पुस्तक आहे. मूळ काव्य ट्रॉयच्या हेक्टर या राजपुत्राच्या अंत्यविधीपाशी थांबतं, ज्यात लपून ग्रीक ट्रॉयमध्ये शिरतात तो लाकडी घोडा त्यात नाहीच. बारिक्कोने तो शेवटी जोडलाय.

बायकांची बाजू हवी असेल तर पॅट बार्करचं 'द सायलेन्स ऑफ द गर्ल्स' (२०१८). ब्रिसेइस ही युद्धात पकडलेली बाई सांगते. जिच्यावरून अकिलीस आणि ग्रीकांचा सेनापती ॲगमेम्नॉन भांडतात, तिला होमर बोलू देतो ते फक्त एकोणिसाव्या सर्गात, पॅट्रोक्लसच्या प्रेतापाशी. नवरा आणि तीन भाऊ एकाच दिवशी मेलेले, नवऱ्याला मारणारा अकिलीस, आणि राहायचं त्याच्याच तंबूत. झोपण्यापूर्वी वाचू नका.

जुनंखोड:
वरची पुस्तकं चांगलीच आहेत, पण देव काढले की माणूस सापडतो हे मला पटत नाही. होमरकडे तो आहेच. रानजाई, यादी खुशाल सोडा, कोणी परीक्षा घेत नाहीये. सहावा, बाविसावा आणि चोविसावा सर्ग वाचा.

बाविसाव्यात अकिलीसच्या हातून हेक्टर मेलाय आणि बायकोला पत्ता नाही. ती मागावर बसून विणतेय, तो लढून येईल म्हणून दासींना आंघोळीचं पाणी तापवायला सांगतेय. तेवढ्यात तटावरून आक्रोश ऐकू येतो आणि हातातला धोटा खाली पडतो. यात कुठे देव आडवा येतो?

चोविसाव्यात हेक्टरचा म्हातारा बाप, ट्रॉयचा राजा प्रायम, मुलाचं प्रेत मागायला शत्रूच्या तळावर जातो. वाट दाखवायला हर्मिस हा देव असतो, कबूल. पण अकिलीसच्या दारापर्यंत पोचवून तो परत फिरतो. आत जातो एकटा बाप. ज्या हातांनी त्याची मुलं मारली त्यांचं चुंबन घेतो. मग दोघं रडतात, एक आपल्या मुलासाठी, दुसरा आपल्या बापासाठी आणि मेलेल्या पॅट्रोक्लससाठी. आणि त्यानंतर जेवतात! आपल्याकडे तेराव्याला पान वाढलेलं पाहिलंय त्याला हे समजावून सांगायला नको.

खडीसाखर:
धोट्याचं विसरलेच होते. +१

रानजाई:
सगळ्यांना धन्यवाद. बारिक्को मागवलंय. काल यादी ओलांडून सहावा सर्ग वाचला. हेक्टरच्या शिरस्त्राणाचा तुरा पाहून त्याचं बाळ रडत दाईला बिलगतं, आईबाप हसतात, हेक्टर ते काढून जमिनीवर ठेवतो आणि मग मुलाला घेतो. बाविसाव्याला अजून हात लावलेला नाही.