मर्यादा, लोढणं की रतीब? प्रोसेसला आवरायचं मराठीत कसं?

काळी_खिडकी:
लिनक्सवर एखाद्या प्रोसेसनं (म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रॅमनं) किती मेमरी, किती सीपीयू, किती फाइली वापराव्यात हे आपल्याला ठरवता येतं. आमच्याकडे नव्यानं लागलेल्या मुलांसाठी याच विषयावर एक मराठी टिपण लिहितेय आणि दुसऱ्याच पानावर अडकलेय. इंग्रजीत लिमिट, कोटा, थ्रॉटल, वेट असे निरनिराळे शब्द. माझ्या टिपणात सगळीकडे 'मर्यादा'. परत वाचलं तर माझं मलाच कळेना कुठे कशाबद्दल बोलतेय.

शिवाय यूलिमिटमध्ये (प्रोसेसला मर्यादा घालायची लिनक्सची जुनी सोय) सॉफ्ट आणि हार्ड अशा दोन लिमिट असतात. त्यांचं 'मऊ मर्यादा' नि 'कठीण मर्यादा' करून पाहिलं. मऊ मर्यादा म्हटलं की मला आजारपणातला गुरगुट्या भात आठवतो. तुम्ही काय म्हणाल?

(प्रोसेसला 'प्रक्रिया' म्हणा असं सुचवू नका. 'प्रक्रिया मारली' असं आमच्यात कुणी म्हणत नाही.)

सरळ_लिहा:
'मर्यादा' चांगला शब्द आहे, उगाच टाकू नका. मर्यादा घालतात, पाळतात, सोडतात, ओलांडतात. मऊ-कठीणऐवजी 'लवचीक' आणि 'पक्की' चालेल.

जुनी_मशीन:
'लवचीक' नको. सॉफ्ट हा शब्द इंग्रजीतही फसवाच आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, सॉफ्ट म्हणजे नुसती ताकीद आणि खरा दंडा हार्डचा. प्रत्यक्षात कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, अंमल करतो तो सॉफ्टचा. बऱ्याच ठिकाणी उघड्या फाइलींची सॉफ्ट लिमिट १०२४ असते. प्रोसेस त्याच्या पुढची फाइल उघडायला गेली की 'टू मेनी ओपन फाइल्स' म्हणून दार तोंडावर बंद. त्यात लवचीक काही नाही. हार्ड म्हणजे सॉफ्ट कुठवर चढवता येईल त्याचं टोक. साधा वापरकर्ता हार्ड खाली आणू शकतो, पण एकदा आणली की पुन्हा वर न्यायला रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेला वापरकर्ता, लागतो.

सीपीयूच्या वेळेचं तेवढं वेगळं आहे. तिथे सॉफ्ट संपली की सिग्नल येतो. तो झेलायची सोय केलेली नसेल तर प्रोसेस तिथेच आटोपते. केली असेल तर दर सेकंदाला टोचणी, आणि हार्डला पोचली की ठार.

माझं मत: सॉफ्टला 'चालू मर्यादा', हार्डला 'कमाल मर्यादा'.

सरळ_लिहा:
'कमाल मर्यादा' ही द्विरुक्ती नाही का होत? कमाल म्हणजेच वरची मर्यादा.

पाटाचं_पाणी:
द्विरुक्ती असेल तर ती कायद्यानं केलेली आहे. सीलिंग कायद्याचं मराठी नाव बघा: महाराष्ट्र शेतजमीन (जमीन धारणेची कमाल मर्यादा) अधिनियम, १९६१. भाषांतर करणाऱ्यानं सीलिंगचं 'छत' केलं नाही यासाठी त्याचा सत्कार करायला हवा. मजा अशी की गावात 'कमाल मर्यादेत गेली' कुणीच म्हणत नाही, 'सीलिंगमधे जमीन गेली' म्हणतात. पण हार्ड लिमिटला तो शब्द फिट्ट बसतो. लिनक्सच्या मॅन्युअलातसुद्धा हार्ड लिमिट म्हणजे सॉफ्टचं सीलिंग असंच दिलंय.

बाकी ताई, आवरायचे शब्द ऑफिसात का शोधताय? गोठ्यात या. दावं: जनावर खुंट्याभोवती फिरेल, चरेल, पण दाव्याच्या लांबीएवढंच. मुसकं: मळणीच्या वेळी बैलाच्या तोंडाला बांधतात, म्हणजे काम करील पण धान्याला तोंड लावणार नाही. लोढणं: उधळ्या जनावराच्या गळ्यात ओंडका अडकवतात. चालता येतं, धावता येत नाही. आणि वेसण, ती नाकातली. तुमच्या इंग्रजीत चार शब्द असतील तर आमच्याकडे चारांचे चार दोर आहेत.

काळी_खिडकी:
दादा, मान गए! आणि हे नुसतं गमतीचं नाही. माझी खरी अडचण हीच होती की मर्यादा गाठल्यावर *पुढे काय होतं* ते 'मर्यादा' या शब्दातून कळत नाही. यूलिमिटनं मेमरीला बंधन घातलं की प्रोसेसनं जास्त मागितलेली मेमरी मिळत नाही, मागणीच फेटाळली जाते. हे मुसकं. (नाहीतरी आपण 'क्रोम किती रॅम खातंय' असंच म्हणतो, म्हणजे तोंड आहेच.) सीग्रुपमधल्या (प्रोसेसांचा गट करून सगळ्यांना मिळून मर्यादा घालायची सोय) 'मेमरी डॉट हाय' या मर्यादेची गोष्ट वेगळी: ती ओलांडली तर प्रोसेस मरत नाही, कर्नल तिची चाल मंदावतो आणि मेमरी परत काढून घ्यायला लागतो. हे लोढणं. आणि 'मेमरी डॉट मॅक्स' गाठली, काढून घेण्यासारखं काही उरलं नाही, तर गटातल्या कुणाचा तरी बळी.

बळीवरून आठवलं. मागे एका नोकरीत रात्रीचा जॉब रोज तीनच्या सुमारास गप्प पडायचा. लॉगमध्ये चूक नाही, काही नाही, प्रोसेस संपताना मागे ठेवते तो आकडा नुसता, १३७. आठवडाभर आम्ही जॉबच्या कोडमध्ये उवा शोधत बसलो. १२८ अधिक ९, म्हणजे सिग्नल नऊनं मारलंय, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मर्यादा कुणीतरी घातली होती आणि सांगितली नव्हती.

तर मग सीपीयूच्या थ्रॉटललाही लोढणंच म्हणू ना?

जुनी_मशीन:
तिथे मात्र लोढणं चुकेल. लोढणं घातलेला बैल सतत हळू चालतो. ज्यामुळे थ्रॉटल होतं तो सीपीयू कोटा तसा नसतो. समजा सीग्रुपच्या 'सीपीयू डॉट मॅक्स'मध्ये लिहिलं ५०००० १०००००. म्हणजे दर १०० मिलिसेकंदांत ५० मिलिसेकंद सीपीयू मिळेल. प्रोसेस ते ५० मिलिसेकंद पूर्ण वेगानं वापरते आणि मग पुढचा हप्ता येईपर्यंत गपगार उभी राहते. तिचे चार थ्रेड (एकाच प्रोसेसमधली समांतर कामं) चार कोअरवर एकदम पळत असतील तर ५० मिलिसेकंद साडेबारातच उडतात, आणि उरलेले साडेसत्त्याऐंशी सगळे चौघे खोळंबलेले. आलेखावर सीपीयू मोकळा दिसतो आणि लोक विचारतात, मग साइट अडखळते का?

याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: रतीब. रोज सकाळी अर्धा लिटर दूध. पाहुणे आले, चौघांनी मिळून आठाच्या आत संपवलं, तर संध्याकाळी कोरा चहा. गवळी उद्याच येणार.

सरळ_लिहा:
रतीब! हरलो. पण 'कोटा' रुळलेला आहे. रेशनच्या रॉकेलचा कोटा सगळ्यांना माहीत होता.

जुनी_मशीन:
कोटा एकूण किती ते सांगतो, रतीब *किती दिवसांनी पुन्हा* तेही सांगतो. टिपणात नाव कोटाच ठेवा, समजावताना रतीब म्हणा.

रेशनचा विषय काढलात ते बरं केलंत. यूलिमिट बहुतेक बाबतींत दर प्रोसेसला लागू होते. पोर प्रोसेसला आईची मर्यादा वारशानं मिळते, पण हिशोब प्रत्येकीचा वेगळा. एक जीबीची मर्यादा घालून दहा पोरं काढली तर दहा जीबी खाल्ले जाऊ शकतात. सीग्रुप म्हणजे कुटुंबाचं रेशनकार्ड, माणसं कितीही असोत. त्यातल्या आतल्या गटांना मी 'पोटगट' म्हणतो.

सरळ_लिहा:
मग सीग्रुपला 'नियंत्रण गट'?

जुनी_मशीन:
म्हणा, पण तो इंग्रजीतला दुसरा प्रयत्न आहे. २००६ मध्ये गूगलमधल्या पॉल मेनेज आणि रोहित सेठ यांनी हे काम सुरू केलं तेव्हा नाव होतं 'प्रोसेस कंटेनर्स'. कंटेनर या शब्दाचे कर्नलमध्ये आधीच इतके अर्थ झाले होते की २००७ मध्ये ते बदलून 'कंट्रोल ग्रुप्स' केलं, आणि जानेवारी २००८ च्या २.६.२४ आवृत्तीत ते त्या नावानं आलं. शब्दचर्चा त्यांनाही चुकली नाही.

पाटाचं_पाणी:
आणि नाइस? सीपीयूसाठी कुणाचा नंबर आधी, कुणाचा मागे ते ठरवणारा आकडा. त्याला काय म्हणता?

काळी_खिडकी:
नाइसला मी 'सोशिकपणा' म्हणायचं ठरवलंय. उणे २० म्हणजे हट्टी, १९ म्हणजे अगदी सोशिक, दुसऱ्याला आधी जाऊ देणारी. मात्र ही मर्यादा नव्हेच, हे ठळक लिहीन. सीपीयू रिकामा असेल तर १९ नाइसची प्रोसेससुद्धा शंभर टक्के वापरते. गर्दी झाली तरच तिचा नंबर मागे.

पाटाचं_पाणी:
म्हणजे पाण्याची पाळी. कॅनॉलला कुणी नसेल तर कितीही भिजवा, सगळे आले की पाटकरी सांगेल तसं. 'सीपीयू डॉट वेट' पण तसंच असणार?

जुनी_मशीन:
तसंच. एका गटाला १००, दुसऱ्याला २०० दिले तर गर्दीत एकास दोन वाटा. त्याला 'वजन' न म्हणता 'वाटा' म्हणा.

काळी_खिडकी:
उतरवून घेतलं. सोशिकपणाची एक गंमत राहिली: तो वाढवायला कुणाची परवानगी लागत नाही. कमी करायचा तर रूटकडे जावं लागतं.

पाटाचं_पाणी:
आमच्या घरी पण असंच आहे. रूट म्हणजे आई.